वाक्यात उपयोग करा

मी इंग्रजीचा मास्तर. सांताक्रूझच्या पश्चिमेस एका मराठी शाळेत बत्तीस वर्षे खडू झिजवला आणि २०१४ साली निवृत्त झालो. एवढ्या वर्षांत नववीच्या वर्गाला ज्या इंग्रजी म्हणी शिकवल्या, त्यांतल्या बहुतेक मुले विसरली असतील. खरे सांगायचे तर मीही विसरलो आहे. एक मात्र विसरलेलो नाही. ‘इट नेव्हर रेन्स बट इट पोअर्स.’

२००५ सालच्या जुलैचा पहिला आठवडा होता. बाहेर सांताक्रूझचा नेहमीचा पाऊस लागलेला, वर्गात ओल्या रेनकोटांचा वास, आणि मी फळ्यावर ही म्हण लिहिली. “अर्थ सांगा,” म्हणालो. पहिल्या बाकावरचा हुशार मुलगा ताडकन उठला आणि म्हणाला, “पाऊस कधीच पडत नाही, पण कोसळतो.”

वर्ग हसला. मी हसलो नाही, कारण मी स्वतः शाळेत असताना हेच उत्तर दिले होते आणि छडी खाल्ली होती. यातली गोम ‘बट’ या शब्दात आहे. ‘बट’ म्हणजे ‘पण’ हे आपण दुसऱ्या धड्यात घोकतो आणि जन्मभर तेवढ्यावरच भागवतो. पण जुन्या इंग्रजी वळणात ‘बट’चा अर्थ ‘वाचून’, ‘शिवाय’ असाही होतो. कोसळल्यावाचून तो पडतच नाही. पडला की कोसळणारच, असा त्या वाक्याचा सरळ अर्थ. आणि आतला अर्थ असा की संकटे एकेकटी येत नाहीत, आली की रांगेने येतात. घरात आजारपण निघते, त्याच महिन्यात नोकरीवर गदा येते, आणि त्याच आठवड्यात घरमालकाची नोटीस दारात पडते, तेव्हा इंग्रज माणूस कपाळाला हात लावून ही म्हण म्हणतो.

गंमत अशी की ही म्हण जन्मतःच रडकी नव्हती. १७२६ साली लंडनमध्ये एक चोपडे निघाले होते, त्याच्या नावातच ही म्हण आहे, ‘नेव्हर’च्या जागी ‘कॅनॉट’ एवढाच फरक. ते कोणी डॉ. अर्बथनॉटच्या नावावर सांगतात, कोणी स्विफ्टच्या. त्यात दुःखाचे काही नाही. जर्मनीच्या रानात सापडलेला एक रानटी मुलगा त्या वर्षी लंडनला आणला होता. तसल्या नवलाच्या गोष्टी शहरात एकदमच कशा येऊन पडल्या आहेत, याची ती थट्टा होती. म्हणजे सुखाचा, नवलाचा वर्षाव झाला तरी ही म्हण चालत असे. पुढे सुख गळून गेले आणि संकट तेवढे शिल्लक राहिले.

अमेरिकेत तर एका मिठाच्या कंपनीने या म्हणीवर आपले दुकान थाटले. मॉर्टन हे तिचे नाव. दमट हवेत मिठाचे खडे होऊ नयेत म्हणून त्यांनी १९११ साली मिठात मॅग्नेशियम कार्बोनेट घालायला सुरुवात केली, आणि १९१४ साली छत्री घेतलेल्या एका मुलीचे चित्र छापून खाली लिहिले की पाऊस पडला तरी हे ओतता येते. ‘पोअर’ या शब्दाचे दोन्ही अर्थ एका डबीत भरले. आमच्या घरी श्रावणात मिठाच्या बरणीत तांदळाचे दहा-वीस दाणे टाकतात. काम तेच होते, पण जाहिरात करायचे आमच्या कोणाच्या डोक्यात आले नाही.

हे सारे मी त्या दिवशी वर्गात रंगवून सांगितले. शेवटी मराठीतली जोडम्हण दिली, ‘दुष्काळात तेरावा महिना’. तेव्हा मागच्या बाकावरून एक हात वर आला.

“सर, इंग्रजांचं संकट पावसाने वाढतं आणि आपलं पाऊस नसल्याने. मग दोन्हींचा अर्थ एकच कसा?”

तास संपल्याची घंटा झाली, म्हणून माझी अब्रू वाचली.

तो प्रश्न मी घरी घेऊन आलो. आम्ही तेव्हा वाकोल्याला राहत होतो, पूर्वेच्या बाजूला, एका जुन्या दुमजली चाळीत, तळमजल्यावर. आई सत्तरीची होती. संध्याकाळी तांदूळ निवडत बसली होती. मी तिला इंग्रजांची म्हण मराठीत सांगितली. ती ऐकून तिने सुपातून मान वर केली.

“पाऊस पडल्यावर कुठं संकट येतं व्हय? न्हाई पडल्यावर येतं.”

“इंग्रजांच्या देशात तसं म्हणतात, आई.”

“म्हनत असतील. त्यांस्नी कधी टँकरची वाट बघावी लागली न्हाई.”

आईचे माहेर आणि सासर दोन्ही माण तालुक्यातले. सातारा जिल्ह्याचा हा पूर्वेकडचा कोपरा. महाबळेश्वरला ढग रिकामे झाले की उरलीसुरली हवा तेवढी इकडे येते. वर्षाकाठी पाचशे मिलिमीटर पाऊस पडला तर लोक गावदेवाला नारळ फोडतात. वडील मुंबईत गिरणीत होते, मला शिकायला त्यांनी दहाव्या वर्षीच वाकोल्याला आणले. आई मात्र चार एकर कोरडवाहू आणि दोन म्हशी सांभाळत गावीच राहिली. ती मुंबईत आली १९७३ साली, म्हशी विकून.

‘दुष्काळात तेरावा महिना’ ही म्हण आपण सगळेच वापरतो, पण तो महिना नेमके काय बिघडवतो, याचा विचार मी कधी केला नव्हता. चांद्रवर्ष ३५४ दिवसांचे, सूर्याचे ३६५. दरसाल अकरा दिवस मागे पडतात, ते साठले की साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी एक अधिक महिना घालून हिशेब जुळवतात. पण पावसाची नक्षत्रे सूर्यावर चालतात. मृग लागायचा तो जूनच्या सात-आठ तारखेलाच लागतो, अधिक महिना असो वा नसो. म्हणजे तेराव्या महिन्याने दुष्काळ एका दिवसानेही लांबत नाही. मग म्हणीला आधार कशाचा?

हेही आईनेच सांगितले. अधिक महिना म्हणजे धोंड्याचा महिना, आणि धोंड्याच्या महिन्यात जावई घरी येतो. त्याला जेवू घालायचे, तेहतीस अनारशांचे वाण दिव्यासकट द्यायचे. आभाळ कोरडे, कणगी रिकामी, आणि दारात जावई. हा तेरावा महिना! तो पंचांगात फुकट येतो, घरात नाही.

१९७२ साली अधिक वैशाख आला होता, एप्रिल-मे महिन्यांत. आदल्या वर्षीही पावसाने हात आखडताच घेतला होता. माझ्या थोरल्या बहिणीचे लग्न होऊन वर्ष झाले होते, म्हणजे जावयाचा पहिलाच धोंडा. अनारशांना तांदूळ हवेत, गूळ हवा, तूप हवे. आईकडे यांतले काही नव्हते. शास्त्र असे की वाणाचा पदार्थ जाळीदार असावा. आईने बाजारातून मोजून तेहतीस बत्तासे आणले. बत्ताशालाही भोके असतात, शास्त्र मोडले नाही! आमचे दाजी भले गृहस्थ. त्यांनी ताटातले एकतीस बत्तासे परत पाटीत ठेवले, एक स्वतः खाल्ला, एक बहिणीला दिला, आणि “सासूबाई, पोट भरलं,” म्हणून उठले. त्यानंतर जो पावसाळा यायचा होता तो आलाच नाही. महाराष्ट्राने १९७२चा दुष्काळ अनुभवला. आई सरकारी कामावर खडी फोडायला गेली, अमेरिकेतून आलेल्या लाल मिलोच्या भाकऱ्या तिने थापल्या. त्या भाकरीला काही केल्या पदर सुटत नसे, एवढेच ती त्याबद्दल बोलायची.

अशा बाईसमोर पाऊस म्हणजे संकट, हा अर्थ मी मांडत होतो. पुढे तीन आठवडे गेले.

मुंबईकराला पावसाळ्यात दोन आकडे पाठ असतात. सकाळी साडेआठला वेधशाळा गेल्या चोवीस तासांचे माप काढते आणि बातम्यांत सांगतात, कुलाबा इतका, सांताक्रूझ इतका. आमच्या विमानतळाजवळ वेधशाळेचे जे केंद्र आहे, त्यामुळे आमच्या उपनगराचे नाव देशभर पोचले. आम्हांला त्याचा भाबडा अभिमानही असे. कुलाब्यापेक्षा आमचा आकडा मोठा निघाला की चाळीत कोणीतरी मुद्दाम मोठ्याने वाचून दाखवी.

२६ जुलै २००५, मंगळवार. या तारखेचा आकडा असा: कुलाबा ७३ मिलिमीटर, सांताक्रूझ ९४४. एकाच शहराची ही दोन टोके, मध्ये अंतर पुरते तीस किलोमीटरही नाही. लंडनमध्ये वर्षभरात सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. म्हणजे ज्यांनी ‘इट पोअर्स’ म्हटले त्यांचा दीड वर्षाचा पाऊस आमच्या अंगावर एका दिवसात आला, आणि आईच्या माणचा जवळजवळ दोन वर्षांचा. त्या दिवसापासून ‘पोअर’ हा शब्द मला फार सौम्य वाटतो.

दुपारी दोनच्या सुमारास अंधारून आले. तीनला शाळा सोडायचे ठरले, पण तोवर रस्त्याची नदी झाली होती. समुद्राला मोठी भरती होती, त्यामुळे पाणी बाहेर जायला वाट नाही. शहराची जुनी गटारे तासाला २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेण्याच्या बेताने बांधलेली. आणि विहार-पवईचे पाणी घेऊन येणारी मिठी नदी, जिला आम्ही सारे नाला म्हणत असू, तिने त्या दिवशी आपले खरे नाव सांगितले. मिलन सबवे एरवीच चार सरींत भरतो. त्या दिवशी तो कुठे आहे, हेच दिसत नव्हते.

ज्यांचे पालक येऊ शकले नाहीत, अशी त्रेचाळीस मुले आणि आम्ही पाच शिक्षक रात्रभर शाळेच्या दुसऱ्या मजल्यावर राहिलो. वीज गेली, फोन गेले. शेजारच्या इमारतीतल्या गुजराती बायकांनी दोरीला पिशव्या बांधून खिडकीतून थेपले आणि केळी पाठवली. मुले आधी भेदरली, मग गाणी म्हणू लागली, मग एकेक करून बाकांवर झोपली. मागच्या बाकावरचा तो प्रश्न विचारणारा मुलगा जागाच होता. त्याचे घर मिठीच्या काठाला होते. मला वाटले आता तो मला तीच म्हण विचारील. त्याने विचारले नाही. “सर, आमच्याकडे पोटमाळा आहे,” एवढेच तो म्हणाला, आणि पुन्हा अर्ध्या तासाने तेच म्हणाला.

सकाळी त्याचे वडील छातीपर्यंत चिखलाने माखलेले आले आणि त्याला घेऊन गेले. मग मी निघालो. स्टेशनचा पूल ओलांडून पूर्वेला उतरलो तेव्हा पाणी कमरेएवढे होते. वाकोल्यापर्यंतच्या वाटेत मी जे पाहिले ते दिवाळीच्या अंकात लिहिण्यासारखे नाही. तबेल्यांतल्या म्हशी रस्त्यात पडल्या होत्या, एवढे सांगून पुरे करतो. त्या पावसाने एकट्या मुंबईत चारशेहून अधिक माणसे नेली.

आमच्या खोलीत पाणी छातीला लागले होते, भिंतीवर त्याची रेघ स्पष्ट दिसत होती. बायको आणि आई वरच्या मजल्यावर होत्या. तिथे एका इस्पितळातली परिचारिका राहत असे, गोव्याकडची, चाळ तिला सिस्टर म्हणायची. तिने आणि तिच्या भावाने आईला खुर्चीत बसवून जिन्याने वर नेले होते. मी गेलो तेव्हा आई सिस्टरच्या पलंगावर, येशूच्या तसबिरीखाली, पेज पीत होती. सांताक्रूझ म्हणजे पोर्तुगीजांच्या भाषेत पवित्र क्रूस, आणि इंग्रज म्हणतात की ज्याचा त्याचा क्रूस ज्याने त्याने वाहायचा. त्या रात्री मात्र आमच्या गल्लीत बरेच लोक दुसऱ्याचा वाहत होते.

मी थकलो होतो, भिजलो होतो, खाली संसार तरंगत होता. मी तोंड सोडले. पावसाला जे येईल ते बोललो. आईने पेजेची वाटी खाली ठेवली.

“त्याला नावं ठिवू नगंस,” ती म्हणाली. “मान्सांनी त्याची वाट अडवली, त्यानं काय करायचं? माझ्या चार एकरावर ह्यातला चार आनं पडला असता, तर मी म्हमईचं तोंड बघितलं नसतं.”

माझ्यापाशी उत्तर नव्हते. पुढे चितळे समितीचा अहवाल आला. त्यात भरती, गटारे, बुजवलेली पात्रे, काठांवरची बांधकामे या साऱ्यांचा विचार होता. तो वर्तमानपत्रात वाचताना मला आईचे दुसरे वाक्य आठवले.

पण आईचा धीर टिकला तो दोनच दिवस. मे महिन्यात आम्ही वर्षाचे धान्य भरून ठेवत असू. दीड क्विंटल गहू, आईसाठी ज्वारी, थोडा तांदूळ, सारे कडुनिंबाचा पाला घालून पत्र्याच्या कोठ्यांत. तिसऱ्या दिवशी कोठ्यांची झाकणे उघडली. गहू फुगला होता, आंबला होता, वरच्या थराला मोड आले होते. वास असा की शेजारचे लोक बाहेर आले. पालिकेची गाडी गल्लीत उभी होती, भिजलेल्या गाद्या आणि कपाटे घेत होती. आम्ही बादलीबादलीने गहू तिच्यात टाकला. ज्वारीच्या पहिल्या बादलीला आई जिना उतरून खाली आली, तिने बादलीत हात घातला, मूठभर दाणे घेतले आणि तिथेच दारात बसून रडली. कपाट गेले तेव्हा ती रडली नव्हती, वडिलांचा एकुलता एक फोटो लगदा झाला तेव्हाही नाही. “मिलोसुदीक आमी सांडली न्हवती रं,” असे काहीसे ती म्हणत होती.

मग खरोखरीचे ‘पोअर’ सुरू झाले. ऑगस्टमध्ये बायकोला ताप भरला. त्या महिन्यात मुंबईत लेप्टोची साथ होती, आठ दिवस ती इस्पितळात होती, सुदैवाने बरी झाली. ती घरी आली त्या आठवड्यात घरमालकाने, चाळ धोक्याची झाली आहे, जागा सोडा, असा निरोप पाठवला. गावाहून थोरल्या चुलत्याचे पत्र आले की नातीचे लग्न ठरले आहे, सहकुटुंब यावे. बायको पत्र वाचून म्हणाली, “घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं.” अंथरुणातून ही म्हण सुचली, म्हणजे ती बरी होत आहे असे मी धरून चाललो. आणि खरे सांगू? सगळ्या जोडम्हणींत मला हीच सर्वांत अचूक वाटते. तिच्यात ना पाऊस, ना दुष्काळ. व्याह्याने प्रेमाने घोडे पाठवले आहे, पण त्याला चारा कुठून आणायचा?

सहामाही परीक्षेच्या प्रश्नपत्रिका ऑगस्टातच काढायच्या होत्या. ‘अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा’ या प्रश्नात मी ती म्हण घातली, गुण दोन. घालू नये असे एक मन सांगत होते. ऑक्टोबरात उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घरी आला. आम्ही अजून त्याच खोलीत होतो, भिंतीवरची रेघ चुना लावूनही दिसत होती. बहुतेक मुलांनी एकच वाक्य लिहिले होते, थोड्याफार फरकाने: सव्वीस जुलैला सांताक्रूझमध्ये इट नेव्हर रेन्स बट इट पोअर्स. व्याकरण चूक, काळ चूक, अर्थ चूक. म्हण लाक्षणिक आहे, ती प्रत्यक्ष पावसाला लावायची नाही, हे मीच शिकवले होते. नियमाने शून्य द्यायला हवे होते. मी एकेक गुण देत गेलो आणि आमचे सुपरवायझर काय म्हणतील याचा विचार केला नाही. मिठीकाठच्या त्या मुलाने प्रश्न सोडूनच दिला होता. कोऱ्या जागेला गुण देता येत नाही.

एका मुलीचे उत्तर मात्र पुस्तकी शुद्ध होते. आधी वडिलांची रिक्षा पाण्यात बुडाली, मग घरातली पुस्तके गेली, मग वडिलांना ताप आला आणि तो अजून उतरत नाही, खरेच, इट नेव्हर रेन्स बट इट पोअर्स. ‘अजून उतरत नाही’ या ठिकाणी तिने वर्तमानकाळ बरोबर वापरला होता. मी दोनपैकी दोन दिले आणि पेन खाली ठेवले.

आई शेजारी बसून वाती वळत होती. दिवाळी आठवड्यावर आली होती. “काय लिवलंय पोरीनं?” तिने विचारले. मी मराठीत सांगितले.

“बापाचा ताप उतरला का?”

“हे मला कसं ठाऊक असणार? परीक्षेचा पेपर आहे हा.”

“मंग इचार की उद्या. दोन मार्क दिलंस आन् एवढं इचारलं न्हाईस?”

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी तिला बोलावले. ती घाबरतच आली, तिला वाटले उत्तर चुकले. ताप उतरला होता, दसऱ्याच्या सुमारास. रिक्षा मात्र अजून मेकॅनिककडेच होती, इंजिनात चिखल गेला होता. वडील तोवर दुसऱ्याची चालवत होते, रात्रपाळीने.

संध्याकाळी मी आईला तसे सांगितले. तिने वातींची डबी बंद केली आणि माझ्या बायकोला हाक मारून म्हणाली, “तेवढ्या पोरीच्या घरला धा करंज्या जास्तीच्या कर गं.”